वगळलेलं रक्त

डबी विचारते

‘तुमच्या घरातली व्यक्ती दिसते. वगळायची का?’

डबीच्या काचेवर ही ओळ उमटली तेव्हा उज्ज्वला आगलावे एका हातात चिमटा आणि दुसऱ्या हातात निवलेला चहा घेऊन गोदामाच्या उंबऱ्यावर बसली होती. बाहेर बार्शीचं ऊन पत्र्यावर तडतडत होतं. आत भिंतीला टेकून लग्नांवरून परत आलेल्या गाद्यांच्या थप्प्या. प्रत्येक गादीच्या कोपऱ्यात निळ्या शाईचा छाप: आगलावे बिछायत केंद्र.

ओळीखाली दोन चौकोन होते. हो. नाही.

“चाचा, तुमचं बोट टोचून घेतलं होतं ना आपण डबीत?”

रमजानचाचा नदाफ आत दोरा ओवत बसले होते. उज्ज्वलाच्या सासऱ्याच्या काळापासून केंद्राच्या सगळ्या गाद्या त्यांनीच भरल्या, त्यांनीच उसवल्या.

“तूच टोचलंस की. वर म्हणालीस, चाचा, तुमचं रक्त काळं आहे, तपकिरीचं आहे का काय.”

“मग ही घरातली व्यक्ती कोण?”

“तूच असशील.”

पण ती नव्हती. तिचं बोट चाचांच्याही आधी टोचलं गेलं होतं. आणि घरात तिसरं माणूस नव्हतं. नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती.

मुलगी गेली त्यालाही सहा वर्षं होत आली होती. पण ते जाणं वेगळं.

शिवण उलटून पाहावी

ढेकूण परत आले, ते औषधाला न जुमानणारे होऊन आले. त्यांची कातडी जाड झाली होती, आणि जे विष एके काळी एका फवाऱ्यात झोपवायचं त्यात ते आता अंघोळ केल्यासारखे फिरायचे. लॉज, वसतिगृहं, दवाखाने, मंगल कार्यालयं, सगळीकडे. गादीच्या शिवणीत काळे ठिपके, कोपऱ्यात खसखशीएवढी पांढरी अंडी, कुजत आलेल्या कोथिंबिरीसारखा वास. लहान मुलांनाही ही लक्षणं पाठ झाली.

मारायला उष्णता उरली होती. बंद खोलीत पन्नास अंशांच्या वर तास-दोन तास ठेवलं की किडा आणि अंडी दोन्ही संपतात. म्हणून प्रत्येक बिछायतवाल्याला तापखोली बांधावी लागली. पण एका गावात मारले तरी दुसऱ्या गावाहून येतच राहायचे. ते कुठून येतात हे कळायला हवं होतं, आणि त्यासाठी डबी आली.

डबीची कल्पना साधी. ढेकूण फक्त रक्त पितो आणि ते पचवायला त्याला आठवडे लागतात. तोवर त्याच्या पोटात, ज्याला तो चावला त्या माणसाची ओळख शिल्लक असते. ताज्या रक्तातले जनुकांचे धागे लांब असतात. जसजसं पचतं तसतसे त्यांचे तुकडे पडतात. तुकड्यांच्या लांबीवरून डबी सांगते, कुठलं रक्त आधीचं, कुठलं नंतरचं. नाव सांगत नाही. पण या किड्यानं आधी कुणाला आणि मग कुणाला चावलं, हा क्रम जुळवत गेलं की तो कुठल्या छपराखालून निघाला ते आरोग्य खात्याला समजतं. त्याला खात्यात उगम म्हणतात. ज्या घरात उगम, त्या घरावर लाल कागद, आणि पत्ता लाल यादीत.

लाल कागद लागलेल्या घराला पाहुणा येत नाही. भाडेकरू असला तर घरमालक खोली रिकामी करून घेतो. कायद्यात तसं लिहिलेलं नाही, पण घेतो.

बिछायतवाल्यांच्या जिल्हा संघटनेनं तेव्हाच एक सोय मागून घेतली होती. मालक आणि कामगार दिवसभर गाद्यांतच वावरणार, त्यांचं रक्त किड्यात सापडणारच; त्याचा उगाच बोभाटा कशाला? म्हणून त्यांचे नमुने आधीच डबीत घालायचे आणि अहवालातून वगळायचे. घरातलं आणखी कुणी सापडलं तर डबीनं विचारायचं, हेही वगळायचं का. सगळ्यांनाच ते रास्त वाटलं होतं. उज्ज्वला तेव्हा संघटनेची खजिनदार होती. तिनंच हात वर केला होता.

दोन रक्तं

तिनं हो दाबलं नाही, नाहीही दाबलं नाही. ओळीवर बोट ठेवून तपशील उघडला.

स्त्री. नमुना एकचं अपत्य. आठ-दहा दिवसांपूर्वीचं.

नमुना एक म्हणजे उज्ज्वला स्वतः.

चहा सांडला. तिनं तो पुसला नाही. काचेवर दुसरी ओळ आली, पहिल्यासारखीच, यंत्राच्या त्याच सुरात.

‘आणखी एक व्यक्ती. बालक, पुरुष. वरील स्त्रीचं अपत्य. वगळायचं का?’

एकाच घोटातलं रक्त होतं दोघांचं. ढेकूण पीत असताना माणूस कूस बदलतो, मग तो सोंड काढून शेजारच्याला चावतो. शेजारी कोण होतं ते असं कळतं.

आपल्याला नातू आहे, हे उज्ज्वलाला ढेकणाच्या पोटातून कळलं.

थप्पीला जांभळी दोरी होती. जांभळी म्हणजे सुवर्णरेखा मंगल कार्यालय, वीणाचं लग्न. वीणा म्हणजे ईश्वरीची शाळेपासूनची मैत्रीण. म्हणजे ईश्वरी आली होती. पुण्याहून, का जिथं कुठं राहते तिथून, कडेवर मूल घेऊन. चार गल्ल्यांवर. आईच्या गादीवर झोपली, सकाळी उठली आणि गेली.

सहा वर्षांपूर्वी ईश्वरीची सुपारी फुटली होती, पत्रिकेचा मजकूर ठरला होता, आणि एका सकाळी ती नव्हती. नोंदणी कचेरीत तिनं आपल्या मर्जीनं लग्न केलं. गावभर लोकांच्या लग्नात गाद्या घालणारीच्या घरचं लग्न असं झालं. पुढं दोन वर्षं उज्ज्वलानं तिचा फोन उचलला नाही. मग उचलायचं ठरवलं तेव्हा फोन यायचे थांबले होते, आणि जुना नंबर बंद होता.

“छाप वाचला असेलच की तिनं,” ती म्हणाली.

“कुणी?” चाचांनी विचारलं.

तिनं सांगितलं. चाचांनी सुई गादीत खोचून ठेवली आणि बराच वेळ टोपी काढून डोकं चोळत राहिले.

“पोरगा आहे?”

“डबी म्हणते.”

“डबी म्हणते तर असंल.” मग हळूच, “कुणावर गेलाय ते नाही म्हणत?”

पत्ता

अहवाल डबीत तयार झालेला होता. नेहमीसारखाच. संशयित उगम: पाहुणे. पाठवा म्हटलं की खात्यात जाणार.

उज्ज्वलानं आरोग्य खात्यातल्या सोनवणे मॅडमना फोन लावला. या बाई तालुक्याचं ढेकूण-पथक बघायच्या आणि कुणाशीही एकाच कंटाळलेल्या सुरात बोलायच्या.

“मॅडम, समजा उगम पाहुण्यांत निघाला. मग?”

“मग आम्ही पाहुण्यांच्या घरी जातो, ताई. कार्यालयात मुक्कामाला राहिलेल्यांचे नंबर असतात आमच्याकडे.”

“ते नंबर मिळतात का?”

“नाही. पण उगम नक्की झाला की पत्ता लाल यादीत येतो. यादी कुणीही बघावी.”

“घरमालकपण?”

“घरमालक तर रोज बघतात. चहाबरोबर बघतात.”

सहा वर्षं जो पत्ता मिळाला नव्हता तो एका बोटाच्या अंतरावर होता. पाठवा म्हणायचं, आणि दोन-चार दिवसांनी यादी उघडायची. ईश्वरी आगलावे. का तिचं आता काही दुसरं आडनाव असेल.

“कुणाचा पत्ता हवाय तुम्हाला?” सोनवणेंनी विचारलं.

“नाही, सहज.”

“बघा, अहवाल पाठवायच्या आधी वगळणी उचलून एकदा वाचत जा. सक्ती नाही. तुमच्याच लोकांनी मागितलेली सोय आहे ती, कुणी उचलत नाही. पण वगळलेल्या रक्तासकट क्रम वेगळा दिसतो कधी कधी.”

फोन ठेवल्यावर उज्ज्वलानं डबी पुन्हा पुढं ओढली. वगळणी उचलायला एक कळ दाबायची होती. तिनं ती दाबली, कारण त्या किड्यानं मुलीच्या घरी आधी कुणाला चावलं हे तिला बघायचं होतं. जावयाला, बहुतेक. जावई तिनं पाहिलाच नव्हता.

जावई नव्हता.

सगळ्यात खाली, सगळ्यात तुटलेलं, सगळ्यात आधीचं रक्त: नमुना दोन. रमजान नदाफ. त्यानंतर ईश्वरी, त्यानंतर बाळ. त्यानंतर कुणी नाही. परत आल्यापासून थप्पी दोरीत आवळलेलीच होती.

तिनं दुसरा किडा घातला. तिसरा. तळाशी चाचाच.

किड्याची बाजू

त्याला ऊन नको असतं. दर आठवड्याला दोन म्हातारे हात गादी अंगणात टाकतात, काठीनं झोडपतात, वरची बाजू तापते. तो खालच्या बाजूला जातो. खाली गार असतं. संध्याकाळी तेच हात गादी उचलून आत नेतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच म्हाताऱ्याची पाठ वर येऊन पडते. ऊब येते, श्वास येतो. तो शिवणीतून बाहेर पडतो, पितो, आत जातो. या पाठीवर कधी गांधी उठत नाही. काही कातड्यांवर उठतच नाही. म्हणून त्याला कुणी शोधत नाही.

एके दिवशी गादी हलते, गाडीत चढते. नव्या जागी दोन ऊबा असतात, एक मोठी, एक लहान. लहान ऊबेचं कातडं फार पातळ असतं.

त्याच्यासारखे आणखी काही त्या मुक्कामात शिवण सोडून जवळच्या पिशवीत शिरतात. पिशवी गादीवरच ठेवलेली असते. सगळेच ठेवतात.

ऊन पुरेसं नसतं

“म्हंजे माझ्यामुळं,” चाचा म्हणाले.

“गादी माझी आहे. गोदाम माझं आहे.”

“लग्नाला जायच्या आधी मी रोज दुपारी पडायचो त्या थप्पीवर. मला एक चावा दिसला नाही गं. आयुष्यभर गाद्या उन्हात घातल्या. ऊन दिलं की ढेकूण राहत नाही असंच समजत आलो.”

“मीपण तेच समजत आले. तापखोलीत लग्नाहून परत आलेल्याच घालायच्या, तुम्ही ऊन दिलेल्या नाहीत, हे कुणी ठरवलं? मी. वीज वाचते म्हणून.”

चाचा उठले, थप्पीपाशी गेले, हात लावला आणि मागं घेतला. जणू आता ती गादी त्यांची उरली नव्हती.

“सगळंच घाल तापखोलीत,” ते म्हणाले. “आज घाल. मेले की झालं. अहवालात काय, पाहुणेच दिसतायत. कोण उचलून बघतंय वगळणी?”

“कुणीच नाही.”

“मग?”

“इथले मरतील, चाचा. पिशव्यांतून गेलेले?”

चाचांनी सुई उचलली आणि पुन्हा खोचली.

“ईश्वरी समजेल काहीतरी दुसरंच. डास समजेल. मग दुकानातून जहाल औषध आणून गादीवर मारेल आणि त्याच गादीवर पोराला झोपवेल. ढेकूण मरणार नाही. मग कुणीतरी तक्रार करेल, पथक जाईल, आणि अहवालात आपलं रक्त वगळलेलं असेल. लाल कागद तिच्या दारावर.”

“आणि आपल्या दारावर लागला तर? हंगाम आहे, उज्ज्वला. सील लावतात. अंडी फुटून गेल्याची खात्री होईस्तोवर उघडत नाहीत. कार्यालयवाले परत बोलावतील का? तुझ्या सासऱ्यानं...”

“सासऱ्यांचं मला सांगू नका,” ती म्हणाली, पण आवाजात राग नव्हता.

मालकानं आपण होऊन उगम जाहीर केला तर गोष्ट वेगळी असते. मग पाहुण्यांची घरं उगम ठरत नाहीत, बाधित ठरतात. लाल कागद नाही, यादी नाही. खात्याची तापगाडी फुकट दारात येते. आणि बाधितांना कळवायचं काम मालकाचं. छापील सूचना लोक वाचत नाहीत, म्हणून ती मालकाच्या आवाजात जाते, सगळ्यांना एकच. खाली त्याचा फोन नंबर. शिव्या द्यायच्या तर कुणाला, ते लोकांना कळावं म्हणून असेल.

नंबर खात्याकडे. पत्ते खात्याकडे. उज्ज्वलाला काहीच मिळणार नव्हतं. फक्त तिचा आवाज तिथं पोचणार होता.

तिनं अहवालातली ओळ बदलली. उगम: आगलावे बिछायत केंद्र.

पाठवलं.

आवाज

*पहिल्यांदा.* नमस्कार. सुवर्णरेखा मंगल कार्यालयातील विवाहसमारंभास उपस्थित सर्व मान्यवरांना कळविण्यात येते की

(पुसलं. मान्यवर म्हणजे कोण?)

*दुसऱ्यांदा.* मी उज्ज्वला आगलावे. तुम्ही आमच्या गाद्यांवर झोपलात. त्या गाद्यांत ढेकूण होते, ते आमच्या गोदामातले होते, तुमचा काही दोष नाही. ईश्वरी, तू

(पुसलं.)

*तिसऱ्यांदा.* चाचा, पंखा बंद करा. नाही, तो नाही, तो

(पुसलं.)

*चौथ्यांदा. हे गेलं.* मी उज्ज्वला आगलावे, बार्शीहून. वीणाच्या लग्नात तुम्ही ज्या गाद्यांवर झोपलात त्या आमच्या. त्यांत ढेकूण होते. ते तुमच्या घरून आलेले नाहीत, आमच्याकडून तुमच्याकडे गेलेत. कुणी तुम्हाला बोललं तर हा निरोप ऐकवा.

लग्नाला नेलेली पिशवी घरात ज्या जागी असेल तिथून हलवू नका, आहे तिथंच प्लास्टिकमध्ये बांधा. गादीची शिवण बोटानं उलटून बघा, कोपऱ्यापासून. काळे ठिपके दिसतील. पलंगाच्या फटी बघा, उशीखाली बघा. हातावर, मानेवर एका ओळीत गांध्या असतील तर डास नाहीत. गांध्या नसल्या तरी बघा, सगळ्यांना उठत नाहीत.

चावतात म्हणून दुसऱ्या खोलीत झोपायला जाऊ नका. ते मागोमाग येतात. आहात तिथंच झोपा, पलंग भिंतीपासून ओढून घ्या, चादर जमिनीला लागू देऊ नका. चादरी कडक पाण्यात धुवा, शिवणीवरून कडक इस्त्री फिरवा. गादी उन्हात घालून भागत नाही, ते आम्हीच चुकलो. तापगाडी येईल, पैसे पडत नाहीत.

घरात लहान मूल असेल तर औषध मारू नका. कुणी कितीही सांगितलं तरी नाही. त्याच्या गांध्यांना गार पाण्याचं फडकं लावा, नखं काढा. रात्री रडलं तर ते हट्टानं रडत नाही. त्याला घेऊन बसा.

काही विचारायचं असलं तर मला विचारा. मी इथंच आहे.

फोन

गोदामाला सील लागलं. दारावर लाल कागद, खाली सोनवणेंची सही. कागद चिकटवणाऱ्याला चाचांनी पाणी दिलं आणि कागद वाकडा लागलाय असं सांगून पुन्हा लावून घेतला.

फोन येत राहिले. लातूरचे एक गृहस्थ म्हणाले, “बाई, आम्ही आहेर एकच दिला होता, तुम्ही परत फार दिलात.” एका आजींना ढेकणांचं काही नव्हतं, लग्नात जिलबी कमी पडली हे सांगायचं होतं. एक जण नुसताच ओरडला, आणि उज्ज्वलानं त्याचं पूर्ण ऐकून घेतलं.

मग एक फोन आला.

“आगलावे बिछायत का?”

हा आवाज उज्ज्वलानं सहा वर्षं ऐकला नव्हता.

“हो. बोला.”

“निरोप ऐकला. शिवण बघितली आम्ही. आहेत.” आवाज सपाट होता, वाण्याकडे किडे निघालेल्या पिठाची तक्रार करावी तसा. “तापगाडी गुरुवारी येणार म्हणतात. तोवर कपाटातल्या कपड्यांचं काय करायचं?”

“बांधून ठेवा. एकेक काढून इस्त्री करून वापरा.”

“बरं.”

“मुलाला फार चावलेत का?”

उज्ज्वलाच्या ध्यानात आलं, पण तोवर बोलून झालं होतं.

“मुलगा आहे असं मी कुठं म्हणाले?”

“म्हणाला नाहीत.”

“डबीत दिसलं?”

“हो.”

“काय काय दिसतं त्यात?”

“फार नाही. तुम्ही दोघं एकाच गादीवर होतात, एवढंच.” ती थांबली. “आमचीच गादी मिळाली तुला. दुसऱ्या केंद्रांच्याही होत्या तिथं.”

“मिळाली नाही. मी छाप बघून उचलली.” आवाजातला सपाटपणा कुठंतरी उसवला होता. “तू आली होतीस सकाळी, गाद्या न्यायला. मी जिन्यात होते, तो कडेवर होता. तू चाचांवर ओरडत होतीस, जांभळी दोरी सैल का बांधली म्हणून. मला हसू आलं. म्हटलं आता खाली उतरावं. तोवर तू गाडीत बसलीस.”

“मी वर बघितलं नाही गं.”

“माहीत आहे. तू कामात असलीस की कुठं बघतेस?”

चाचा दारातून सगळं ऐकत होते आणि ऐकत नसल्यासारखा दोरा गुंडाळत होते. पलीकडे एक लहान आवाज काहीतरी मागत होता. ईश्वरी त्याला थांब म्हणाली.

“आई, लाल कागद तुझ्या दाराला लागला ना?”

“लागला.”

“मला वाटलं होतं आमच्यावर ढकलशील.”

“वाटणारच.”

फोन कुणीच ठेवला नाही.

“शनिवारी यायचं म्हणतोय,” ईश्वरी म्हणाली. “म्हणजे, आमच्या घरातले गेल्यावर. चालेल का? सील असताना?”

“गोदामाला सील आहे, घराला नाही. पण तुम्ही बाधित, मी उगम. पिशवी आणायची नाही, काही म्हणजे काही नाही. अंगावरचे कपडे आल्या आल्या अंगणातल्या तापखोलीत जातील, तिला सील नाही. तू माझं काहीतरी नेस. जावयांना चाचांचा लेंगा होईल.”

“आणि ओजसला?”

उज्ज्वलानं घरात नजर फिरवली. कपाट, ट्रंक, दोरीवरच्या साड्या. त्या घरात इतक्या लहान माणसाच्या अंगाला येईल असं काहीच नव्हतं. तिनं दाराकडे बघितलं. चाचांनी सुई आधीच ओवली होती.

“त्याला उभा कर,” ती म्हणाली, “आणि माप सांग.”